जांभ्याच्या सड्यावरील वस्तीने भूजल कसे सांभाळावे : कामांचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

रत्नागिरी, लांजा, राजापूर, देवगड, कुडाळ या पट्ट्यातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट पठारांवर, आता वाड्यांच्या जोडीला गृहसंकुले, हॉटेले आणि बंगल्यांच्या वसाहती उभ्या राहत आहेत आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी पाण्याची कामे उलट्या क्रमाने होत आहेत. मार्चमध्ये विहीर आटली की आधी बोअर मारली जाते. बोअर कोरडी निघाली किंवा मचूळ लागली की टँकर येतो. मग पावसाळ्याच्या तोंडावर कोणीतरी पुनर्भरणाची, म्हणजे पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याची, आठवण करून देतो आणि छपराचा पाइप थेट विहिरीत सोडला जातो. ती विहीर जुलैत तशीही काठोकाठ भरणार असते, त्यामुळे या पाइपातून पाण्यापेक्षा घाणच अधिक जमा होते.

चुनखडीच्या प्रदेशातली शहरे ज्या अडचणीत सापडतात, तिच्याशी कोकणातली ही अडचण बरीच मिळतीजुळती आहे. चुनखडीत पाणी खडक विरघळवून भुयारे करते. जांभा तसा विरघळत नाही, मात्र त्यातला मऊ मातकट भाग धुऊन जातो आणि नळ्या व पोकळ्या उरतात. परिणाम दोन्हीकडे सारखाच होतो : पाणी झटकन आत जाते, झटकन निघून जाते आणि वाटेत पुरेसे गाळले जात नाही. पुढचा सगळा क्रम या एका गोष्टीवर बेतलेला आहे. जांभ्यात पाणी मुरवणे सोपे असते, ते थांबवणे अवघड असते, आणि मुरलेले पाणी शुद्धच असेल असे धरून चालता येत नाही.

## तयारी : जमिनीचे थर आणि जुजबी सामान

काम सुरू करण्यापूर्वी आपल्या जागेचा उभा छेद समजून घ्यावा. त्यासाठी जवळची चिरेखाण, रस्त्यासाठी कापलेली घाटी किंवा नव्या इमारतीचा पाया यांपैकी काहीही चालते. वरच्या बाजूला कडक, सच्छिद्र जांभा दिसतो. खाली जावे तसा तो मऊ होतो, आणि त्याच्याखाली पांढरट, पिवळसर किंवा जांभळट छटेची चिकण माती लागते. त्याखाली बहुतेक ठिकाणी काळा कातळ असतो, तर सिंधुदुर्गाच्या दक्षिण भागात काही ठिकाणी वेगळे, अधिक जुने खडक लागतात. ऑक्टोबरमध्ये अशा कापलेल्या दरडीसमोर उभे राहिले की जांभा आणि चिकण माती यांच्या सांध्यावर ओलाव्याची एक रेघ दिसते, तिच्यावर शेवाळ आणि नेचे उगवलेले असतात आणि जागोजागी बोटभर धारा सुटलेल्या असतात. सड्याचे पाणी बाहेर पडते ते या रेघेवरून. आपली विहीर या रेघेच्या वर आहे की खाली, हे कळले तर अर्धे काम झाले.

सामान फार लागत नाही : वजन बांधलेली मोजपट्टी, एक जाड वही, साधा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा), पर्जन्यमापक (नसेल तर सरळ उभ्या कडांचे भांडे), आणि परिसराचा हाताने काढलेला पण मापात असलेला नकाशा.

इशारा : सड्यावर कुठेही खणण्यापूर्वी कातळशिल्पे आहेत का ते पाहावे. बारसू, कशेळी, देवीहसोळ, उक्षी येथील शिल्पे सर्वांना माहीत आहेत, परंतु गवताखाली झाकलेली, कुठेही नोंद नसलेली शिल्पेही असू शकतात. सड्यावर खणलेला खड्डा पुन्हा भरून पूर्ववत करता येत नाही.

## टप्पा १ : आधी मोजणी

मोजणीशिवाय पुढचा कोणताही टप्पा सुरू करू नये. तिच्यासाठी शुभ मुहूर्ताची वाट पाहण्याचेही कारण नाही, कारण वर्षात कोणत्याही दिवशी सुरुवात करता येते.

विहिरीच्या कठड्यावर तेलरंगाने एक खूण करावी आणि दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, पंप सुरू होण्यापूर्वी पहाटे त्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. पट्टी वर काढल्यावर ओल्या-कोरड्याच्या रेघेवरचा आकडा वाचून लगेच वहीत लिहावा आणि शेजारी टीडीएस व त्या आठवड्यातला पाऊस नोंदवावा. संध्याकाळी किंवा उपसा चालू असताना घेतलेला आकडा पंपाचा परिणाम दाखवतो. जमिनीतल्या पाण्याची खरी स्थिती त्यातून कळत नाही.

नोंदी सुरू झाल्या की दोन गोष्टी बघाव्यात. एक म्हणजे हस्ताचा पाऊस संपल्यापासून शिमग्यापर्यंत पातळी दर महिन्याला किती उतरते. जांभ्यातल्या विहिरीत हा उतार बहुधा सुरुवातीलाच तीव्र असतो आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, म्हणजे टंचाईची चर्चाही सुरू झालेली नसताना, बरेचसे पाणी सड्याच्या कडेच्या झऱ्यांतून निघून गेलेले असते. दुसरी गोष्ट म्हणजे पहिल्या मोठ्या सरीनंतर विहीर किती वेळाने गढूळ होते आणि टीडीएस किती वेळाने खाली येतो. हा बदल काही तासांतच दिसला, तर पृष्ठभागावरचे पाणी नळ्या-पोकळ्यांतून सरळ आत येत आहे असे समजावे आणि टप्पा ३ कडे इतर सगळ्यांहून अधिक लक्ष द्यावे.

विहिरीची भरती मोजण्याची रीत : विहीर ३ मीटर व्यासाची असेल तर तिच्यातल्या दर १० सेंटिमीटर पाण्यात सुमारे ७०० लिटर पाणी असते. ६० सेंटिमीटर पाणी उपसून पंप बंद करावा आणि तेवढे पाणी पुन्हा चढायला लागणारा वेळ मोजावा. दोन तास लागले तर भरती ताशी सुमारे २,१०० लिटर होते, आठ तास लागले तर ताशी सुमारे ५३० लिटर. ही चाचणी नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि मे अशी तीनदा करावी. नोव्हेंबरच्या आकड्यावर वर्षभराचा उपसा ठरवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. अनेक बांधकाम प्रकल्पांच्या पाण्याच्या दाखल्यामागे असाच पावसाळ्यालगतचा आकडा असतो, म्हणून घर घेणाऱ्याने चाचणीची तारीख आवर्जून विचारावी.

## टप्पा २ : पाणी येते कुठून, जाते कुठे

नकाशावर विहिरी, बोअर, झरे, व्हाळ किंवा पऱ्या (लहान ओढे), सेप्टिक टँक, गोठे, चिरेखाणी, कचऱ्याच्या जागा आणि डांबरी वा काँक्रीटचे भाग मांडावेत. पाणी साधारणपणे सड्याच्या मध्याकडून कडेकडे जाते, परंतु जांभ्यातल्या नळ्या या नियमाला बांधलेल्या नसतात, म्हणून जुन्या माणसांना विचारणे हा या टप्प्याचा गंभीर भाग समजावा. कोणती बावडी आधी आटते, कोणत्या झऱ्याला पाटाचे पाणी सोडले की पाणी वाढते, कुठे पावसाळ्यात जमिनीतून पाणी उकळल्यासारखे वर येते, ही माहिती यंत्रापेक्षा स्वस्तात आणि बऱ्याचदा अधिक नेमकी मिळते.

या टप्प्यावर दोन ठिकाणे लाल रंगाने दाखवावीत. पहिले म्हणजे डोंगरकापणी. पाया, तळघर किंवा रस्त्यासाठी उतार कापताना जांभा व चिकण मातीचा सांधा उघडा पडला, तर वरच्या विहिरींचे पाणी तिथून वाहून जाते. ज्या वर्षी खाली कापणी झाली त्याच वर्षी वरची विहीर डिसेंबरात आटली असेल, तर पावसाला दोष देण्याआधी ती कापलेली दरड पाहून यावी. दुसरे म्हणजे सोडून दिलेली चिरेखाण. तिचा तळ अजून सच्छिद्र जांभ्यात असेल तर तिच्यात साठलेले पाणी पाऊस थांबल्यावर झपाट्याने उतरते, आणि तळ चिकण मातीला टेकला असेल तर ते महिनोन्‌महिने टिकते. पहिल्या प्रकारची खाण म्हणजे भूजलाचे उघडे तोंड होय, आणि नेमक्या अशाच खाणीत बांधकामाचा राडारोडा व हॉटेलांचा कचरा टाकण्याची पद्धत पडली आहे.

तपासणी : पाऊस थांबल्यानंतर आठ दिवस खाणीतल्या पाण्याची पातळी मोजावी. ती उन्हाने जाणाऱ्या दिवसाच्या काही मिलिमीटरपेक्षा बरीच अधिक उतरत असेल, तर उरलेले पाणी जमिनीत जात आहे.

## टप्पा ३ : घाण रोखणे

हा टप्पा लोक शेवटी ठेवतात किंवा गाळतात. खरे तर पुनर्भरणाचा पहिला खड्डा खणण्याआधी हा पूर्ण झाला पाहिजे.

कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातील वॉकर्टन या छोट्या गावात मे २००० मध्ये जोरदार पावसानंतर शेणखतातले जंतू भेगाळ चुनखडीतल्या एका उथळ सार्वजनिक विहिरीत उतरले, क्लोरिनही पुरेसे नव्हते, आणि ७ माणसे दगावली तर २,००० हून अधिक आजारी पडली. खडकात मोकळ्या वाटा असतील तर विहीर आणि घाण यांच्यात केवळ अंतर ठेवून भागत नाही, हे त्यातून घ्यायचे. शोषखड्डा विहिरीपासून १५ ते ३० मीटर दूर ठेवावा, असा जो आकडा सर्रास सांगितला जातो तो मातीच्या गाळणीवर विसंबलेला आहे. सड्यावर माती वीतभरही नसते.

सेप्टिक टँक खरोखर टाकी आहे का, ते पाहावे. कोकणात ज्याला सेप्टिक टँक म्हणतात ते पुष्कळदा चिऱ्यात खणलेले, आतून गिलावा न केलेले आणि तळ उघडा ठेवलेले चौकोनी भोक असते. “आमची टाकी वीस वर्षांत कधी उपसावी लागली नाही,” असे कोणी अभिमानाने सांगितले तर ती गळते आहे असे खुशाल धरावे. टाकी रिकामी करून धुवावी, तळ काँक्रीटचा करावा, भिंतींना जलरोधक गिलावा द्यावा, नंतर ती पाण्याने भरून पातळीची खूण करावी आणि २४ तासांनी पुन्हा पाहावे. नव्या गिलाव्यात पाणी थोडे शोषले जाते, म्हणून पहिल्या दिवसाचा आकडा सोडून दुसऱ्या दिवसाचा धरावा. पाणी पुन्हा उतरले तर गळती शिल्लक आहे. त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी गाळ उपसून घ्यावा.

टाकीतून बाहेर पडणारे पाणी खोल शोषखड्ड्यात सोडू नये. जांभ्यात खड्डा जितका खोल तितका तो विहिरीच्या पाण्याला जवळ. त्याऐवजी जमिनीच्या वर, चिऱ्यांचे कठडे घालून, बाहेरून आणलेली माती व वाळू यांचा निदान मीटरभर जाडीचा वाफा तयार करावा, त्याचा तळ लिंपून घ्यावा आणि त्यात कर्दळ, केळ, अळू अशी पाणी पिणारी झाडे लावावीत. पावसाळ्यात हा वाफा भरून वाहू लागतो, म्हणून भोवती बांध आणि वर उताराचे छप्पर हवे. एवढे करूनही त्यातून बाहेर येणारे पाणी विहिरीच्या खालच्या अंगाला न्यावे. मोठ्या संकुलाला हे पुरणार नाही. तिथे सांडपाणी प्रक्रिया केंद्र चालू अवस्थेत असणे आणि प्रक्रिया केलेले पाणी फ्लश व बागेसाठी वेगळ्या नळाने फिरवणे, याला पर्याय नाही. केंद्र कागदावर असते आणि मोटर बंद असते, ही तक्रार इतकी सार्वत्रिक आहे की रहिवाशांनी महिन्यातून एकदा स्वतः जाऊन पाहण्याची पाळी लावावी.

विहिरीचे तोंड : कठडा जमिनीपासून निदान ७५ सेंटिमीटर उंच असावा, भोवती बाहेरच्या बाजूला उतार असलेला सिमेंटचा ओटा असावा, आणि वरचे दोन-तीन मीटर बांधकाम दर्जा भरून जलरोधक केलेले असावे. कपडे धुण्याचा दगड ओट्यावर नको.

तपासणी : पाण्याचे नमुने वर्षातून दोनदा घ्यावेत, एक पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि एक मे महिन्यात. जंतूंसाठीचा नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून त्याच दिवशी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या किंवा अन्य मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पोहोचवावा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय मुळीच आढळता कामा नये, नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवे आणि पीएच ६.५ ते ८.५ असावा. जांभ्यातल्या पाण्याचा पीएच पुष्कळदा या खालच्या मर्यादेपेक्षाही कमी भरतो, आणि असे पाणी लोखंडी पाइप व सिमेंट हळूहळू खाते. घरातल्या पांढऱ्या भांड्यांवर तांबूस डाग पडत असतील तर दोष पाण्यातल्या लोहाचा आहे की गंजलेल्या पाइपाचा, हे विहिरीतल्या आणि नळाच्या नमुन्यांची तुलना करून ठरवावे.

इशारा : पावसाळ्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर अंदाजाने टाकू नये. आधी विहिरीतले पाणी मोजावे, १,००० लिटरला २.५ ते ५ ग्रॅम ताजी पावडर बादलीत कालवून, चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ द्रावण विहिरीत सोडावे, निदान तासभर उपसा बंद ठेवावा आणि नळाच्या पाण्यात क्लोरिन उरले आहे का ते तपासावे. ओल्या गोणीतली, वास गेलेली पावडर टाकणे म्हणजे नुसता चुना टाकणे.

## टप्पा ४ : उपशाची मर्यादा लेखी ठरवणे

इथे एक हिशेब सविस्तर पाहू. २० सदनिका, प्रत्येकी ४ माणसे आणि माणशी १३५ लिटर हे शहरी प्रमाण धरले तर रोजची गरज १०,८०० लिटर होते. वरच्या उदाहरणातल्या विहिरीची मे महिन्यातली भरती ताशी ५३० लिटर, म्हणजे दिवसाला सुमारे १२,७०० लिटर. कागदावर पाणी पुरते. प्रत्यक्षात पातळी चढत जाते तशी भरती मंदावते आणि शेजारचे पंपही त्याच पाण्यावर चालतात, म्हणून चाचणीच्या आकड्याचा अर्धा ते दोन तृतीयांश भागच धरावा. तो ६,३०० ते ८,५०० लिटर येतो. म्हणजे उन्हाळ्याचे दोन महिने रोज सुमारे २,३०० ते ४,५०० लिटर कमी पडणार, हे नोव्हेंबरातच माहीत असायला हवे.

त्यावर उपाय ठरवताना क्रम असा ठेवावा : गळती, फ्लश, बाग, गाड्या धुणे, आणि त्यानंतर घरगुती वापर. पंपाला पाणीमापक बसवावा. पंप एकदाच चार तास चालवण्याऐवजी दिवसातून तीन-चार वेळा थोडा थोडा चालवावा, त्याने पातळी एकदम खचत नाही. फुटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाइपाचे पाणी ओढणारे टोक) तळापासून वर, ठरलेल्या उंचीवर कायमचा बांधून टाकावा, म्हणजे टंचाईच्या दिवसांत “आज एक दिवस” असे म्हणून कोणी तळ गाठणार नाही.

तपासणी : आजची पहाटेची पातळी गेल्या आठवड्यापेक्षा जितकी खाली आहे, तो उतार आधीच्या आठवड्यांपेक्षा एकदम वाढला असेल तर उपसा त्याच आठवड्यात कमी करावा. मासिक सभेची वाट पाहू नये.

## टप्पा ५ : छपराचे पाणी आधी टाकीत

किनारपट्टीच्या बऱ्याच भागात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. १०० चौरस मीटर छपरावरून, पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी, २ लाख ४० हजार लिटर पाणी येते. ते सगळे जमिनीत घालण्याचा अट्टहास निरर्थक आहे, कारण जून ते सप्टेंबरात जमीन तुडुंब असते आणि घातलेले पाणी झऱ्यावाटे समुद्राला मिळते. टाकीत ठेवलेले पाणी मात्र मे महिन्यातही टाकीतच असते.

पूर्ण तूट टाकीने भरून काढणे खर्चिक पडते, म्हणून पिणे आणि स्वयंपाक एवढेच धरावे. ८० माणसे, माणशी १० लिटर, ६० दिवस : ४८,००० लिटर. २५ हजार लिटरच्या दोन फेरोसिमेंटच्या टाक्यांत हे बसते आणि टँकरच्या पाण्यावर मुलांना वाढवण्याची वेळ येत नाही.

टाकी जूनमध्ये भरून बंद करणे ही नेहमीची चूक आहे. कोकणात डिसेंबर ते एप्रिल हापूसच्या बागांवर फवारण्या होतात, तो तुषार, धूळ, पाला आणि कौलांवरचे शेवाळ हे सगळे मृगाच्या पावसाबरोबर खाली येते. जून पूर्ण वाहू द्यावा, जुलैच्या उघडिपीत टाकी धुऊन घ्यावी आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसाने भरावी. तेव्हाही दर उघडिपीनंतरचे पहिले पाणी, १०० चौरस मीटरला १०० ते २०० लिटर, बाजूला काढणारा पाइप बसवलेला असावा. टाकीत उजेड आणि डास जाता कामा नयेत.

## टप्पा ६ : जाणारे पाणी अडवणे

वनराई किंवा कच्च्या बंधाऱ्याचे यश बहुतांशी तारखेवर ठरते. गणपतीनंतर लगेच घातला तर परतीचा पाऊस पोती घेऊन जातो, नाताळात घातला तर व्हाळात अडवायला पाणी उरलेले नसते. दसऱ्याच्या सुमारास प्रवाह रोज पाहावा आणि तो ओसरू लागल्यावर, पण गुडघाभर तरी असताना, श्रमदान उरकावे. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरावी. नुसती वाळू भरलेली पोती पाणी धरत नाहीत.

जागा निवडताना अनेकजण बंधारा विहिरीच्या बराच वर घालतात. विहिरीचे पाणी ज्या दिशेने निघून जाते, त्या अंगाला, विहिरीच्या किंचित खाली बंधारा घातला आणि तुंबलेल्या पाण्याची पातळी विहिरीच्या तळापेक्षा वर राहिली, तर विहिरीतून बाहेर जाणारा उतार मंदावतो आणि तिच्यातले पाणी अधिक दिवस टिकते. मात्र त्या व्हाळात सांडपाणी मिसळत असेल, तर आधी टप्पा ३ पूर्ण करावा. नाहीतर आपणच घाण विहिरीकडे ढकलतो.

इशारा : तीव्र उतारावर, घरांच्या वरच्या अंगाला सलग चर किंवा मुरवण्याचे खड्डे काढू नयेत. जांभ्याखालची चिकण माती भिजली की वरचा भार सरकू शकतो. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून गाव गाडले गेले, ते अतिवृष्टीने भिजलेल्या उतारावर. अशा जागी पाणी मुरवण्यापेक्षा ते बाजूने सुरक्षित काढून देणे हेच काम आहे.

## टप्पा ७ : पुनर्भरण, आणि तेही निवडक

येथवरची कामे झाल्यावर पुनर्भरणाचा विचार करावा. ज्या विहिरी पावसाळ्यातही भरत नाहीत, जिथे काँक्रीटने सड्याचा मोठा भाग झाकला गेला आहे किंवा जिथे पाऊस संपतासंपता खाणीतले साठलेले पाणी हळूहळू सोडता येते, तिथे ते उपयोगी पडते. फक्त छपराचे किंवा अशा खाणीतले पाणी घ्यावे. रस्ता, पार्किंग आणि अंगणाचे पाणी, तेल व प्लास्टिक त्यात असल्याने, घेऊ नये. पाणी आधी गाळ बसण्याच्या टाकीतून, मग खडी, बारीक खडी व वाळू यांच्या गाळणीतून न्यावे, आणि थेट विहिरीत न सोडता विहिरीपासून काही अंतरावरच्या उथळ, मातीने भरलेल्या खड्ड्यात सोडावे. गाळणीतली वाळू दर मे महिन्यात काढून धुतली नाही, तर दुसऱ्या पावसाळ्यात ती असून नसल्यासारखी होते.

पाणी टिकवणाऱ्या खाणीचा तळ “अधिक मुरावे” म्हणून फोडू नये. तो चिकण मातीचा थर आहे म्हणूनच पाणी तिथे आहे.

## टप्पा ८ : बोअर सर्वांत शेवटी

बोअर जांभा आणि चिकण माती ओलांडून काळ्या कातळातल्या भेगांपर्यंत जाते. तिथले पाणी मर्यादित असते आणि भेग लागली नाही तर मिळतही नाही. बोअर घ्यायचीच असेल तर केसिंग पाइप (बोअरच्या भोकात बसवलेला अस्तराचा पाइप) जांभा व मातीच्या पूर्ण जाडीतून खाली कठीण कातळात काही मीटर रुतवावा आणि पाइपाभोवतीची फट सिमेंटने भरून घ्यावी. पैसे वाचवण्यासाठी केसिंग आखूड ठेवले, तर वरचे अस्वच्छ पाणी बोअरमध्ये उतरते आणि त्याचबरोबर शेजारच्या उथळ विहिरीचे पाणीही त्या भोकातून खाली गळू लागते. या एका चुकीवरून वाड्यांमध्ये भांडणे झाली आहेत, आणि ती निष्कारण नाहीत.

खणण्यापूर्वी महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मधल्या तरतुदी पाहाव्यात. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही, आणि ६० मीटरपेक्षा खोल विहिरींसाठी वेगळे निर्बंध आहेत. गावच्या नळपाणी योजनेची विहीर नेमकी कुठे आहे, हे ग्रामपंचायतीतून लेखी घ्यावे.

## खाडी आणि समुद्राजवळच्या विहिरींसाठी

मालवण, देवगड, वेंगुर्ले, गुहागर येथील किनाऱ्यालगतच्या आगरांत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. तत्त्वतः समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडे पाणी असेल तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोड्या पाण्याचा थर असतो, याचाच अर्थ वरची पातळी १ मीटर खाली गेली तर खारे पाणी ४० मीटर वर सरकू पाहते. म्हणून इथे विहीर खोल करणे किंवा मोठा पंप बसवणे हा उपाय होऊ शकत नाही. उथळ विहीर, लहान पंप आणि उपशात खंड हीच इथली रीत.

टीडीएस आठवड्याऐवजी रोज, भरतीच्या वेळी आणि ओहोटीच्या वेळी, मोजावा. मानकानुसार टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आणि क्लोराइडची २५० मिलिग्रॅम आहे, परंतु त्या आकड्याची वाट पाहू नये. नेहमी १५० दाखवणारी विहीर २५० दाखवू लागली, तर त्याच दिवशी उपसा निम्म्यावर आणावा. चव बिघडल्यावर थांबणाऱ्याला पुढच्या पावसाळ्यापर्यंत, आणि कधीकधी त्यानंतरही, माडांना द्यायलाही ते पाणी उपयोगी पडत नाही.

वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत किंवा संकुलाच्या कार्यालयात ठेवावी आणि उपसा कमी करण्याचा निर्णय कोणत्या आकड्याला, कोणी घ्यायचा, हे त्या वहीच्या पहिल्या पानावर नाव व पदासह लिहून ठेवावे. ते नाव दरवर्षी ऑक्टोबरात, बंधाऱ्याच्या श्रमदानाच्या दिवशीच, सर्वांसमक्ष नव्याने ठरवावे.